लॉगमधलं नाव

भाविका आमच्या ऑफिसात आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, हे आधीच कबूल करून टाकतो. मी अकरा वर्षांचा जुना. जळगावच्या आसपास आमचे जेवढे इंटरनेटचे टॉवर आहेत, त्या प्रत्येकावर उन्हातान्हात चढलोय. आणि ही दोंडाईच्याची पोरगी, दोन वर्षं झाली नाहीत तोच मालकांच्या तोंडी! 'भाविकाला विचारा.' 'भाविकानं बघितलं का?' अरे, मग मी काय नुसते खांब रोवायला आहे?

त्यात धुळ्याला नवी शाखा निघत होती. तिथला प्रमुख कोण, हे मालक, म्हणजे रुपचंदभाऊ, महिनाअखेर ठरवणार होते. माझ्या बायकोचं, कामिनीचं, माहेर धुळ्याचं. तिनं तिकडे पोरीसाठी शाळासुद्धा बघून ठेवली होती. ती खुर्ची भाविकाला मिळाली असती तर मला अन्न गोड लागलं नसतं.

नशिराबादच्या एका पतपेढीनं आपल्या वायरलेस लिंकवर एन्क्रिप्शन मागितलं. वाटेत कुणी सिग्नल पकडला तरी त्याला काही उमगू नये, म्हणून. ही सोय रेडिओत असतेच, पण लायसन्स विकत घेतल्याशिवाय चालू होत नाही. दोन टोकांच्या दोन रेडिओंसाठी दोन 'की', म्हणजे ती सोय उघडणारे कोड, मेलवर आल्या. काम माझंच, असं मी धरून चाललो होतो. भाऊंनी ते भाविकाला दिलं.

यात एकच गोष्ट सांभाळायची असते. आधी लांबचं टोक, मग जवळचं. जवळचं आधी केलं की लिंक तुटून लांबचा रेडिओ हातातून गेला, मग गाडी काढून तिथवर जा. तिला हे सांगावं असं एकदा वाटलं. नाही सांगितलं. असोद्याच्या टॉवरवर काम होतं, तिकडे निघून गेलो.

पावणेबाराला फोन आला. लिंक पडली. इतका गोड फोन मला कित्येक महिन्यांत आला नव्हता. तसाच नशिराबादला गेलो, जागेवर ती 'की' टाकली, दहा मिनिटांत लिंक उभी केली आणि छाती काढून ऑफिसात आलो.

"मनी चूक शे, भाऊ. आठलं पयले चालू कयं मी," भाविका रडवेली होऊन सांगत होती. घाबरली की ती अहिराणीवर येते. इथलं टोक तिनं आधी चालू केलं होतं.

भाऊंनी स्क्रीनवर लॉग उघडला. कुणी, किती वाजता, काय केलं, सगळं रेडिओ त्यात लिहून ठेवतो. अकरा चाळीसच्या नोंदीपुढे नाव होतं लीलाधर.

"हे तर तुझं नाव." भाऊ माझ्याकडे वळले.

माझं डोकंच फिरलं. "मी असोद्याला टॉवरवर होतो! ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझंच जुनं लॉगिन चालतं, भाऊ. मी त्या खुर्चीत बसतो तरी कधी? तिथे ही बसते."

"म्हणजे ऑफिसातून झालेली प्रत्येक नोंद हिची?"

"प्रत्येक!" मी ठासून सांगितलं.

भाऊंनी ड्रॉवरमधून टाइप केलेलं एक पत्र काढलं. "पंधरा दिवस मी वर्षभराचा लॉग वाचतोय, लीलाधर. मेच्या वादळात पडलेल्या लिंक, सुट्टीच्या दिवशीच्या दुरुस्त्या, सगळ्या ऑफिसातून, आणि सगळीकडे तुझं नाव. म्हटलं, भाविका हुशार आहे, पण धुळ्याला असा न बोलता निस्तरणारा माणूस हवा."

पत्रावर धुळे शाखा होती. खाली माझं नाव होतं.

भाविकाच भांडली माझ्यासाठी. "भाऊ, टॉवरवरचं बठ्ठं काम तर यांचंच आहे ना!"

"ते मला माहीत आहे," असं म्हणून भाऊंनी पेन काढलं आणि माझ्या नावावर रेघ मारली. "भाविका, तुझं पूर्ण नाव सांग."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत थोडा जरी तोरा असता, तरी मला तिचा राग करता आला असता.