पोटरीवर पुसलेला पाय

तनुजाची पेनल्टी अडली तेव्हा सुजू माझ्या मांडीवर होती आणि वरणभाताचा घास माझ्या बोटांत. हात तसाच हवेत राहिला. टीव्हीवर भूतानची गोलकीपर चेंडू पोटाशी धरून गवतात आडवी पडली होती. आमची तनुजा, मुदखेडची तनुजा, भारताच्या निळ्या जर्सीत कमरेवर हात ठेवून उभी.

"गेली का गं आत?" सासूबाई भाकरी थापता थापता आतून म्हणाल्या.

"अडवली."

"आरारा. तुझी मैत्रीण ना ती?"

"हाव."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण त्याच्या जरा आधी छातीत काहीतरी मोकळं झालं, दूध दाटून आल्यावर बाळ प्यायला लागलं की होतं तसं. मग सुजूनं माझं बोट चावलं आणि मी घास तिच्या तोंडात घातला.

तो सामना आपण जिंकला. दुसऱ्या एका पोरीनं शेवटी गोल केला. शेजारच्या देशांची स्पर्धा, काठमांडूत चाललेली, आणि आता अंतिम सामना नेपाळशी, त्यांच्याच मैदानावर. संध्याकाळी माझ्या भावानं फोटो पाठवला. मुदखेडला स्टेशनसमोर तनुजाचा केवढा तरी मोठा फलक लागला होता. फलकावर ती हसत होती, आणि तिच्या पायांत दोन बूट होते.

दोन बूट म्हणते, कारण किनवटच्या वसतिगृहात आम्हाला एकही नव्हता. शाळेमागच्या मैदानात गवत कमी आणि सराटे जास्त. चेंडूमागे धावायचं म्हणजे तळव्यात काटे घेऊन धावायचं. मल्लिनाथ सर शिट्टी वाजवायचे, आम्ही एका पायावर उभ्या राहून दुसऱ्याचा तळवा पोटरीवर खसाखसा पुसायचो आणि पुन्हा धावायचो. आमच्या सगळ्यांच्या पोटऱ्यांवर बारीक ओरखडे असायचे.

मी गोली होते, गोल राखायचे. रोज खेळ संपला की तनुजा मला थांबवून घ्यायची.

"प्रियू, चल, मारू दे थोड्या."

ती मारायची, मी अडवायचे. बाकी कुणाला ती अडायची नाही, पण माझ्यापुढं तिचा चेंडू आत जायचाच नाही. ती चिडायची, खाली बसून माती उडवायची. "तुला कळतंय कसं गं? चेटकीण हायस का?" मी नुसती हसायचे.

कळायचं ते असं. पायाच्या आतल्या कडेनं मारायचं असलं की ती आधी तळवा पोटरीवर पुसायची, कारण काटा तिथेच बोचतो. आतल्या कडेनं मारलेला तिचा चेंडू माझ्या उजव्या हाताला यायचा. आणि वरच्या पंजानं मारायचा असला की ती पाय पुसायची नाही, तो डावीकडं यायचा. एवढंच. ती मारायच्या आधी मी तिच्या पोटरीकडं बघायचे.

राज्याच्या निवडीला आम्ही दोघीही गेलो. तिला घेतलं. मला म्हणाले, हात चांगले आहेत, उंची कमी पडते. सरावानं सगळं वाढतं, उंची नाही वाढत. ती शिबिरांना गेली, मी डी.एड. केलं, लग्न करून लातूरला आले, सुजू झाली. लग्न चांगलं झालं. आनंदराज समंजस आहेत. सुजू पलंगाच्या कडेला सरकली की माझा हात माझ्या आधी जातो, तेव्हा ते म्हणतात, "बघा, आपल्या घरात गोली हाय." मला तेवढं बरं वाटतं. मग टीव्ही लागतो आणि बरं वाटत नाही.

बूट घातले तरी तनुजाची ती सवय गेलेली नव्हती. भूतानच्या सामन्यात तिनं बुटाचा तळ पोटरीवरच्या मोज्याला पुसला, मी मनात म्हटलं 'उजवी', आणि ती गोलकीपर उजवीकडंच झेपावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजाचा आवाज आला फोनवर, पाठवलेला. सुजूला पाजता पाजता ऐकला.

"प्रियू, पाहिलीस ना? ती पोरगी आधीच तिकडं उडी मारून बसली. तू करायचीस तसंच. कसं काय गं? इथं सगळे म्हणून राहिले, तिचं नशीब. नशीब न्हाई ते, मला माहीत हाय. आता पेनल्टी मिळाली तर दुसरीला देऊ म्हणतात. मी म्हटलं, थांबा, मला माझ्या गोलीला विचारू द्या. सांग ना. लहान लेकराची आई हायस, झोप न्हाई, काम हाय, सगळं कळतं मला. पण सांग."

माझ्या गोलीला. मी ते पुन्हा ऐकलं. मग फोन उलटा ठेवला.

"काय म्हणते मैत्रीण?" आनंदराजनी विचारलं.

"काही न्हाई. सुजूला विचारलंय."

का सांगू? निळी जर्सी तिच्याकडं, फलक तिच्याकडं, काठमांडू तिच्याकडं. माझ्याकडं तिची एवढी एक गोष्ट होती. साऱ्या जगात तनुजाला अडवणारी मी एकटी, हे कुणाला माहीत नसलं तरी मला माहीत होतं. भांडी घासताना, सुजूची दुपटी वाळत घालताना ते मला पुरायचं.

मल्लिनाथ सरांनी अंतिम सामन्यासाठी आम्हा जुन्या पोरींना नांदेडला बोलावलं होतं. एका सभागृहात मोठा पडदा लावणार होते. माहेरही नांदेडलाच, म्हणून सकाळीच सुजूला घेऊन एसटीत बसले. अहमदपूरला गाडी थांबली. सुजू झोपली होती, तिच्या केसांना घामाचा आणि दुधाचा वास येत होता. मी एका हातानं फोन काढला आणि भूतानची ती पेनल्टी पुन्हा लावली. सावकाश केली. मग आणखी सावकाश.

ती गोलकीपर चेंडूकडं बघत नव्हती. तनुजाच्या डोळ्यांकडंही नाही. ती पोटरीकडं बघत होती.

माझे कान तापले. कोण कुठली ती, भूतानची, सराटे तिनं कधी पाहिले तरी असतील का? आणि तिला माझी गोष्ट सापडली होती. तिनं पाहिली म्हणजे नेपाळच्या पोरींनीही पाहिली असणार, त्याही असंच सावकाश करकरून बघत असतील. आता तनुजाला कुणीही अडवेल. कुणीही उठावं आणि अडवावं.

ते मला सहन होईना. तनुजाचं भलं व्हावं म्हणून मी सांगितलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगितलं, कारण दुसऱ्या कुणी तिला अडवलेलं मला नको होतं. गाडी लोह्याला पोचेपर्यंत लिहून झालं. 'तू पाय पुसतीस. सराटे काढल्यासारखा. पुसलास की माझ्या उजवीकडं, न्हाई पुसलास की डावीकडं. पुसू नकोस.'

तिनं वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. साधं 'हाव' सुद्धा नाही. मला राग आला. सुजू उठून रडायला लागली, तिला खिडकीतून म्हशी दाखवत नांदेडपर्यंत आणलं.

सभागृहात सरांनी मला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि आलेल्या लोकांना सांगितलं, "ही आमची जुनी गोली, प्रियदर्शनी. तनुजाला धार लावली ती हिनं."

म्हणजे धार लावायचा दगड मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुजूनंही वाजवल्या, तिला तेवढंच येतं.

सामना बरोबरीत चालला होता. काठमांडूच्या मैदानात त्यांची माणसं ओरडत होती आणि आमच्या सभागृहात पंखे. संपायला आला असताना आमच्या एका पोरीला त्यांनी खाली पाडलं. पेनल्टी.

चेंडू उचलायला दुसरी एक पोरगी आली. तनुजा तिच्याशी काहीतरी बोलली. बाहेरून कुणीतरी हात केला, आणि ती पोरगी बाजूला झाली. तनुजानं चेंडू ठेवला, मागं सरली.

मी सुजूला घट्ट धरलं. आई शेजारी होती, म्हणाली, "अगं, लेकरू दाबशील."

तनुजा थांबली. उजवा पाय उचलला. आणि पोटरीवर पुसला, चांगला खसाखसा, किनवटला पुसायची तसा.

ऐकलं नाही हिनं. माझं ऐकलंच नाही. एवढं उकलून सांगितलं, आणि गेली ती आपली पाय पुसत. नेपाळच्या गोलकीपरचे डोळे खाली गेलेले मला दिसले, आणि मी सुजूसकट खुर्चीत उजवीकडं कलले.

चेंडू डावीकडून गेला.

ती गोलकीपर उजवीकडं पडली होती. मीही उजवीकडंच पडले होते, अर्धी खुर्चीत आणि अर्धी आईच्या अंगावर. सभागृहात सगळे उभे राहिले, सर कुणाला तरी मिठी मारत होते, शिट्ट्या, खुर्च्या सरकल्या. सुजू घाबरून भोंगा पसरून रडायला लागली.

"काय गं, रडतीस का?" सरांनी मला विचारलं.

"न्हाई सर. गोल बसला."

"हाव की. बसला ना."

त्यांना काय कळणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तनुजानं माझ्यावर गोल केला होता. माझंच घेऊन, माझ्यावर. उद्या म्हणतील, केवढं शांत डोकं पोरीचं. फलक आणखी मोठा होईल.

पदकं वाटून झाली. आईनं सुजूला बाहेर मोकळ्या हवेत नेलं. फोन वाजला. गळ्यात पदक घातलेला फोटो, मागं सगळा संघ, आणि खाली दोनच शब्द.

'कुठं पडलीस?'

मी फोटो मोठा करून तिचे बूट बघितले. पोटरीवर मोजा होता, त्याखालचे ओरखडे काही दिसत नव्हते. उत्तर द्यायला मुद्दाम उशीर केला. ती तिथं, त्या सगळ्या गोंधळात, फोन हातात धरून थांबली असणार हे मला माहीत होतं, आणि ते मला फार फार आवडलं.

मग लिहिलं, 'डावीकडं. अडवली.'