मधला तुकडा

सखाबाईच्या मांडीचा घेर टेपनं मोजायची वेळ आली, की तुलारामची छाती फुगायची. खुबा मोडला होता तिचा, ऑपरेशन झालं होतं तिचं, पण तिच्या व्यायामाचं श्रेय घ्यायला हा पुढे. एकोडीच्या तलावावर जाळं टाकण्यात जन्म गेलेला हा माणूस हाती घेतलेलं तडीस न्यायचाच, आणि नेलं की गावभर सांगायचाही.

ती तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, घसरून पडली तेव्हा मात्र त्याची गाळण उडाली होती. साकोलीच्या दवाखान्यात खुब्यात रॉड घातला. घरी सोडताना व्यायाम शिकवणारी दीपमाला म्हणाली, "मांडीत ताकद आली तरच मावशी चालतील. व्यायाम आणि खाणं दोन्ही बरोबर चाललं पाहिजे. डाळ, अंडी, मासे, भरपूर द्या." सखाबाईला एकच हवं होतं. डोक्यावर टोपली घेऊन पुन्हा सानगडीच्या बाजारात जायचं आणि आपल्या जागेवर बसायचं. ती जागा कोणी बळकावली असेल, याचाच तिला घोर लागला होता.

तुलारामने मग कंबर कसली. जुन्या जाळ्याची शिशाची वजनं काढून त्यानं कापडी पिशवीत शिवली, ती तिच्या घोट्याला बांधली आणि तिला बाजेवर बसवून पाय उचलायला लावू लागला.

"उचल वं! आनखी वर! जीव नाई का पायात?"

"उचलून राहिली ना जी," ती दात खाऊन म्हणायची. घामानं तिची चोळी भिजायची. तो मात्र दर आठवड्याला पिशवीत शिसं वाढवायचा.

खाण्यातही त्यानं कसर ठेवली नाही. जाळ्यात मरळ आली की ती बाजारात न जाता सरळ घरी यायची. "हे तुह्यासाठी," म्हणून तो टोपली तिच्यापुढे ठेवायचा. ती स्टुलावर बसून रांधायची. तो जेवायला बसायचा, बोटं चाटायचा, "झकास झाली वं," म्हणून आणखी दोन तुकडे मागून घ्यायचा आणि जाळं शिवायला अंगणात जायचा. त्याच्यामागून ती जेवायची. त्याच्या आईचं असंच, तिच्या आईचंही असंच. बायको जेवताना कशी दिसते, हे तुलारामला इतक्या वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्याला कधी वावगंही वाटलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात दीपमालानं दुखऱ्या मांडीला टेप लावला, मग चांगल्या मांडीला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"दोन्ही मांड्या बारीक झाल्या, मावशी. व्यायाम चुकवता का?"

"एक दिवस चुकला नाई, मॅडम," तुलाराम फणकारला. "अन रोज मासोळी आनतो मी हिच्यासाठी."

"तुम्ही थांबा काका. मावशी, काल मासोळीचे तुकडे किती खाल्ले?"

सखाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "रस्सा होता ना, बाई. अन मुंडकं."

"आणि तुकडे?"

नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. कालची मरळ किती चवदार होती, हे तुलारामला तेव्हा आठवलं.

दीपमाला त्याला म्हणाली, "काका, व्यायामानं मांस थोडं झिजतं. मग खाण्यातून ते पुन्हा भरतं, आधीपेक्षा जास्त भरतं. खाणं नसेल तर नुसतं झिजतच जातं." तुलारामला ते लगेच समजलं. शिवायला हातात सुतळी न घेता तो रोज जाळं उसवत बसला होता.

त्या दुपारी त्यानं स्वतः ताट वाढलं. मरळीचे मधले तुकडे तिच्या भातावर घातले.

"अजी, तुमी आदी."

"आज तू आदी."

"तुमी पाहून राहिले तं मले घास नाई जात."

तो दाराकडे तोंड करून बसला. मागून काटा काढून ताटाच्या कडेला ठेवल्याचा बारीक आवाज आला, आणि तुलारामला रडू फुटलं. बायकोला दिसू नये म्हणून तो तसाच बसून राहिला.

पुढे ती दोघं एकदमच जेवू लागली. पहिल्यांदा तिला फार लाज वाटली, मग सवय झाली. शिशाची पिशवी तीच, पण आता ती पाय उचलून वर तोलून धरायची. पुढच्या खेपेला टेपनं दोन बोटं जास्त दाखवली. वॉकर सोडून ती चौकट धरून उभी राहिली तेव्हा तर तुलारामनं तिच्यासाठी टोपलीखाली डोक्यावर ठेवायची नवी चुंबळच करायला घेतली.

"पोयाच्या बाजाराले जाईन मी," ती म्हणाली. पोळा जवळ आला होता. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू होतं.

आणि एका दुपारी, दोघं जेवत असताना, त्याचा भात संपला. तो काही बोलला नाही. हे तो नंतर सगळ्यांना सांगत राहिला, की मी मागितला नव्हता. त्याचा हात फक्त ताटात थांबला. सखाबाईनं ते पाहिलं आणि वॉकर न घेता झटकन उठली. भातापर्यंत दोनच पावलं होती. दुसऱ्या पावलाला मांडीनं दगा दिला.

"तुमचा भात राह्यलाच जी," जमिनीवर पडल्या पडल्या ती म्हणाली.

हाड पुन्हा मोडलं. पडून पडून छातीत कफ भरला. सखाबाई दवाखान्यातून परत आली नाही.

तेरवीला शहापूरहून लेक आली होती, ज्योत्सना. मेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढायचं, अशी त्यांच्याकडची रीत. तिनं आईचं पान मांडलं आणि मरळीची कढई पुढे ओढली.

"बाबा, आईले कोनता तुकडा आवडे?"

"मुंडकं," तुलाराम लगेच म्हणाला. "मुंडकंच खाये ते."

ज्योत्सनाचा हात कढईवरच थांबला. "मुंडकं उरे म्हनून खाये, बाबा. आवडे कोनता?"

तुलारामनं लेकीकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. घरात आणखी विचारायला कोणी नव्हतं.

त्यानं तिच्या हातून पळी घेतली आणि कढईतला एकेक तुकडा सखाबाईच्या पानात घालत गेला. शेवटी कढईत नुसता रस्सा राहिला. तोच त्यानं आपल्या ताटात ओतून घेतला.