खोट्या तोफेवरचं जाळं

मित्रांनो, मी एक जुनं जाळं आहे. मासे धरण्याचं नव्हे हं! तोफा विमानांच्या नजरेआड ठेवण्यासाठी माझा जन्म झाला. अंगभर हिरव्या-मातकट चिंध्या विणलेल्या. वारा सुटला की मला आपण झाडच आहोत असं वाटायचं.

लढाईत मात्र माझ्या वाट्याला खरी तोफ आलीच नाही. वाळवंटात मल्लिनाथ नावाच्या जवानानं गाडीच्या चाकांवर बाभळीचं खोड चढवलं आणि मला त्यावर मुद्दाम अर्धवट पांघरलं. माझा फार हिरमोड झाला. मग शत्रूची विमानं आली. घिरट्या घालून त्यांनी माझ्यावरच बॉम्ब टाकले. खोडाचा भुगा झाला, माझी चाळण झाली. तोफ उडवली म्हणून ते वैमानिक खुशीत परतले असतील. खऱ्या तोफा टेकाडापलीकडे शाबूत होत्या, तिथली माणसंही. त्या दिवशी सगळ्यांनी मला हात लावून पाहिलं.

पुढे निकामी सामानातून मल्लिनाथरावांनी मला मागून घेतलं आणि आपल्या गावी, परंड्याजवळच्या सोनारीला आणलं. कितीतरी वर्षं मी माळ्यावर पडून आभाळाची स्वप्नं पाहिली.

यंदा मल्लिनाथरावांच्या हातून गोफण फिरेना. बियाण्याला राखलेल्या ज्वारीवर पाखरांचे थवे उतरू लागले. ते बियाणं त्यांच्या पत्नी नागूबाईंच्या माहेरचं. गावात दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नाही. मला ज्वारीवर पसरलं, तर पाखरं भोकांतून आत!

“अवो, ह्यात जाळं कमी अन् भोकंच लई. द्या भंगारात,” नागूबाई म्हणाल्या.

मल्लिनाथराव आभाळाकडं बघत बसले. मग हसले. “हे झाकायला न्हाय, नागू. दावायला हाय.”

त्यांनी मला दूरच्या बांधावर बाभळीच्या दुबेळक्या मेढीवर टाकलं. खाली जुनी कणसं पसरली, परातीत पाणी ठेवलं. थवे वळले. काही चुकार पाखरं ज्वारीत गेलीच. बाकीची माझ्यावर उतरली. विमानांसारखीच आभाळातून झेप, पण या वेळी अंगावर इवल्या पायांच्या गुदगुल्या. हेही स्वप्नच असावं असं मला वाटलं.

बियाणं मडक्यात भरून झालं, तशा नागूबाई सुई-दोरा घेऊन माझ्यापाशी बसल्या.

“कडा सांध,” मल्लिनाथराव म्हणाले. “भोकं ऱ्हाऊ दे.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, ऊन-पावसातून उचलून ठेवा. पण सुई चालवण्याआधी ती कुणासाठी फाटली, एवढं विचारा.