पिकअपच्या पोटाखालचा पुठ्ठा

मी पुठ्ठा बोलतोय. चांगला जाडजूड, वॉशिंग मशिनच्या खोक्याचा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! अंगावर छत्री छापलेली, काचेचा पेला छापलेला. मला उचलताना चारचार माणसं "जपून, जपून" म्हणत होती. ते सगळं मशिनसाठी होतं हे फार उशिरा कळलं. मशिन घरात गेलं आणि मी अंगणात.

घर रोपं विकणाऱ्यांचं. अंगणभर कुंड्या, मातीची पोती आणि कोपऱ्यात उभी असलेली एक जुनी पिकअप. सूनबाई मला फेकायला निघाल्या होत्या, पण आई म्हणाल्या, "राहू दे गं, लागतो कधीतरी." त्या कधीतरीची मी भिंतीला टेकून वाट बघत बसलो.

पिकअप बाबांची. गियर स्वतःच बदलणारी, म्हणून बाबा तिला बाईसाहेब म्हणायचे. कुंड्या पोचवायला तीच आणि माती आणायलाही तीच. तर या बाईसाहेबांच्या खाली फरशीवर लाल डाग पडायला लागले आणि घरात सुतक आल्यासारखं झालं.

मुलाने एक दिवस ठणकावून सांगितलं, "बाबा, आता पुरे. उद्या चढावर तेल संपलं आणि गाडी जागच्या जागी बसली तर? तुमचं वय काय, मागे वजन किती! रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर गळती थांबली तर ठेवा, नाहीतर द्या."

त्या रात्री बाबा जेवताना अर्ध्यावरच उठले, असं दुसऱ्या दिवशी आई अंगणात कुंड्यांना पाणी घालता घालता पुटपुटत होत्या.

त्याच दिवशी गाडीचे मिस्त्री आले. आल्या आल्या म्हणाले, "एखादा पुठ्ठा आहे का हो घरात?" माझा ऊर भरून आला. मला उलगडलं, सपाट केलं आणि गाडीच्या पोटाखाली सरकवलं. काम काय, तर पडून राहायचं आणि अंगावर काय टपकतं ते लोकांना दाखवायचं.

सकाळी मला बाहेर ओढलं की बघ्यांची रांग. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही तो आधी चाकाला लाथ मारतो आणि मग "हं" म्हणतो. शेजारचे काका रोज लाथ मारायचे, रोज "हं" म्हणायचे आणि रोज नवा रोग सांगून चहा पिऊन जायचे.

मिस्त्रींनी माझ्यावरच्या डागात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "इंजिनाचं असतं तर काळं असतं. हे लाल आणि पातळ. गियरबॉक्सचंच आहे." मग खाली झोपून त्यांनी गियरबॉक्सखालच्या तेलाच्या चेंबरचे बोल्ट आवळले आणि म्हणाले, "आता नाही गळणार."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापेक्षा जास्त लाल होतो.

आता माझ्या नोकरीतली एक गंमत सांगतो. गाडीखाली पडलं की माणसांचे फक्त पाय दिसतात. उजाडायच्या सुमारास बाबांच्या झिजलेल्या चपला यायच्या. बॉनेट उघडायचं, काहीतरी घळघळ ओतल्याचा आवाज यायचा, बॉनेट हळूच मिटायचं. बाबा आंघोळीला गेले की आईंच्या निळ्या स्लिपर यायच्या. पुन्हा घळघळ. कपडे वाळत घालायला म्हणून सूनबाईंचे पाय यायचे ते अनवाणी, आवाज होऊ नये म्हणून. पुन्हा तेच. मला वाटलं, असेल या घराची रीत, जसं कुंड्यांना पाणी घालतात तसं हिलाही घालत असतील. आपण पडलो पुठ्ठा, विचारणार कुणाला? मोठी कमाल म्हणजे कामावर जाता जाता मुलाचे पॉलिश केलेले बूटही तिथे थांबायचे. या चौघांच्या चार बाटल्या कुठे कुठे दडवलेल्या होत्या देव जाणे. एक तर खताच्या पोत्यात होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शनिवारी मिस्त्री वैतागले. त्यांनी गाडीचं पोट साबणाने धुतलं, कोरडं पुसलं आणि म्हणाले, "घरात पावडर आहे का? पांढऱ्यावर तेलाची वाट दिसते. जिथे ठिबकतं तिथूनच गळतं असं नसतं. वाऱ्याने तेल पार मागे जातं." आईंनी सूनबाईंचा डबाच आणून दिला.

"अहो आई, ती माझी चांगली पावडर!"

"गाडी वाचू दे, नवी आणू."

बाईसाहेब पोटाला पावडर फासून असा घमघमाट सोडत गावभर फिरून आल्या की काका त्या दिवशी लाथ मारायलाही विसरले.

रविवार उजाडला. भंगारवाला दोरखंड घेऊन फाटकाशी हजर. मिस्त्री टॉर्च घेऊन खाली शिरले आणि पावडरीवरची लाल वाट बोटाने वर वर शोधत गेले. मग म्हणाले, "चमत्कारिक आहे. बोल्ट कोरडे, सील कोरडं. तेल वरून येतंय, हवा बाहेर जायची नळी असते तिच्यातून." त्यांनी गाडी चालू करून गरम होऊ दिली, तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. तेल खुणेच्या कितीतरी वर, आणि वर फेस.

"बाबा, किती ओतलंत?"

"थोडंसंच," बाबा चाचरले. "सकाळी गार असताना पट्टी बघतो, कमी दिसतं. म्हणून रोज जरासं, डाग पडायच्या आधीपासूनच."

"गार असताना पट्टी कमीच दाखवते. आणि जरासं इतकं नसतं."

आईंनी घसा साफ केला. "मीही घालत होते. यांचा चेहरा बघवत नव्हता."

सूनबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला वाटलं, फक्त मीच घालतेय."

मग सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. तो बुटाने माती उकरत होता.

"तू?" आई ओरडल्या. "अरे, भंगारवाला तू बोलावलास ना?"

"बोलावला," तो म्हणाला. "पण रविवारपर्यंत बाबा हीच चालवणार होते. मध्येच तेल संपलं असतं तर? आणि मी गाडी शिकलो ती हिच्यावरच. मला काय बरं वाटत होतं का?"

मिस्त्री हसले, मग ओशाळले. "पहिल्या दिवशीच पट्टी बघायला हवी होती मी. पण गळणाऱ्या गाडीत तेल जास्त असेल, हे कुणाच्या मनात येणार?"

त्यांनी जादा तेल काढलं. बाबा गाडी घेऊन चढावरून एक फेरी मारून आले, शेजारी मुलगा बसला होता. गाडी पुन्हा माझ्यावर उभी राहिली. मला कोरडी बाजू वर करून ठेवलं होतं. सगळं घर फरशीवर गुडघे टेकून माझ्याकडे टक लावून बसलं. भंगारवालासुद्धा उकिडवा बसला. इतक्या माणसांनी एकदम माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. मी श्वास रोखून धरला.

आणि टपकन एक थेंब पडला.

"गेलं!" मुलगा म्हणाला. भंगारवाला दोरखंड सावरत उठला.

मिस्त्रींनी बोट बुडवलं, चोळलं, उजेडात धरलं. मग गाडीबाहेर आलेल्या माझ्या कडेवर ओणवे झालेल्या बाबांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"हे गियरबॉक्सचं नाही," ते म्हणाले.

बाबा बाहीने डोळे पुसत होते. मुलगा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. आई म्हणाल्या, "चला, उठा आता, गुडघे दुखतील," आणि स्वतःच रडायला लागल्या.

भंगारवाल्याला रिकाम्या हाताने पाठवणं बरं दिसेना, म्हणून सूनबाईंनी मला पुढे केलं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "तेलकट आहे हो, हा कुणी घेत नाही." अपमान गिळून मी पुन्हा माझ्या जागी आलो.

आता चारही बाटल्या मुलाने कपाटात कुलूप लावून ठेवल्या आहेत. रोज सकाळी चार जोड पाय येतात, वाकतात, मला कोरडा पाहतात आणि खुशीत परत जातात. काही दाखवायला नसताना एवढं कौतुक मशिनलाही मिळत नसेल. अंगावर डाग पुष्कळ आहेत, कडा कुजत चालल्या आहेत, फार दिवस मी टिकणार नाही. जाईन तेव्हा नवा पुठ्ठा घाला. फक्त त्याच्या अंगावर रडायचं झालं, तर आधी गाडी थोडी मागे घेत जा, म्हणजे बिचारा घाबरणार नाही.