बिबड्यांवर पडलेला लाल पाऊस

कोकिळाच्या हातचे शेवटचे बिबडे मी गच्चीवर उन्हाला टाकले आणि नेमका त्यांच्यावर लाल पाऊस पडला.

आमच्याकडे ज्वारीच्या पापडांना बिबडे म्हणतात. ज्वारी आंबवायची, दळायची, तीळ-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या कापडावर थापून वाळवायची. पत्र्याच्या डब्यात ते वर्षभर टिकतात, पण उन्हाळ्यात एकदा त्यांना ऊन दाखवावं लागतं. हे काम माझी बायको कोकिळा करायची. ती मागच्या पावसाळ्यात गेली. डबा तसाच माळ्यावर होता. मी तो काढलाही नसता, पण दिपमालाचा धुळ्याहून फोन आला.

दिपमाला आमची एकुलती एक मुलगी. तिला सातवा महिना लागला होता आणि ती बाळंतपणाला माझ्याकडे नशिराबादला येणार होती. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं.

"आबा, आईचे बिबडे आहेत ना?"

"आहेत थोडे."

"कुणाला देऊ नका. तेवढेच खावेसे वाटतात. सासूबाईंनी केले होते, पण ते नाही गेले."

म्हणून मी डबा काढला आणि कोकिळाच्या जुन्या साडीवर बिबडे पसरले. मग समोर खाजाच्या दुकानात चहाला गेलो. खाजा पिंजारी माझा जुना शेजारी. गाद्या भरतो. चहा अर्धा झाला तोच टपटप थेंब आले. खाजा कापूस आत ओढायला उठला आणि थांबला.

"सुपडूभाऊ, हे बघा बरं."

पांढऱ्या कापसावर लाल ठिपके पडले होते. मी चहा टाकून पळालो. गच्चीवर पोचेपर्यंत पाऊस थांबलासुद्धा. साडी लाल, कठडा लाल, आणि बिबड्यांवर कुणी कुंकवाचं पाणी शिंपडल्यासारखे डाग. फुंकर मारली, कोरड्या फडक्यानं पुसलं. रंग आत गेला होता.

गल्लीत लगेच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, वीटभट्टीची धूळ. कुणी म्हणालं, कुठल्या तरी कारखान्याचा रंग. खाजा मोबाईलवर सारखं काहीबाही बघत असतो. तो बोटानं आकाश दाखवून म्हणाला, "हे खालचं नाही. वरचं आहे."

"वरचं म्हणजे? अल्लाकडचं?" त्याची बायको सकीनाभाभी दारातून म्हणाली.

"त्याच्या अलीकडचं गं. उल्का फुटतात ना, त्यातून जीव गळतात. बारीक बारीक. पावसात मिसळून खाली येतात."

"तुमच्या डोक्यातून अक्कल गळली तसे?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी म्हणालो, "धूळ आहे ती. राजस्थानातून येते." मला ती धूळच असायला हवी होती. धूळ असली तर दिपमालाला बिबडे देता आले असते.

डबा भरून मी खाली आणला आणि मला जुनी गोष्ट आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी केरळात लाल पाऊस पडला होता. त्यात पृथ्वीबाहेरचे जीव असतील, असं काही शास्त्रज्ञ म्हणत होते आणि बाकीचे नाही म्हणत होते. मी तेव्हा जळगाव-धुळे गाडीवर ड्रायव्हर होतो. त्या दिवशी सुट्टी होती. कोकिळा याच गच्चीवर बिबडे उलटे करत होती आणि मी तिला पेपर वाचून दाखवत होतो.

कोकिळा धुळ्याकडची. लग्न होऊन नशिराबादला आली तेव्हा तिच्या अहिराणीला बायका हसायच्या. ती म्हणायची, "तुमनी भाषा तुमले, मनी माले." शेवटपर्यंत तिनं ती बदलली नाही.

पेपरातलं ऐकून ती म्हणाली, "जीव शे ना? मंग त्याले भूक लागीच."

"अगं, डोळ्याला दिसत नाही एवढा बारीक असतो तो."

"मंग थोडंसंच खाई."

मी म्हणालो, शास्त्रज्ञ भांडतायत आणि तुला खाण्याचं पडलंय. ती म्हणाली, त्या सगळ्यांना एकदा जेवायला बोलवा, भांडण मिटेल. बिबडे उलटे करून झाले तरी आमचा वाद चालूच होता. असे वाद आम्ही खूप घातले. कशावर घातले ते आता फारसं आठवत नाही. ती साडीच्या पदरानं कपाळ पुसत बोलायची, ते आठवतं.

दिपमालाला मी पावसाचं सांगितलं नाही. जावयाला सांगितलं. हितेंद्रराव धुळ्यात कॉलेजला वनस्पतिशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, "आबा, तिला देऊ नका एवढ्यात. रविवारी आम्ही येतोच आहोत. मी सूक्ष्मदर्शक घेऊन येतो."

रविवारपर्यंत खाजा रोज संध्याकाळी ओट्यावर यायचा आणि तेच काढायचा.

"समजा, भाऊ, खरंच वरचा जीव असला तर?"

"एवढी जागा पडलीय. तो नशिराबादला कशाला येईल?"

"तुम्ही भाभीला धुळ्याहून आणलं. तिनं विचारलं का, नशिराबादच कशाला?"

"विचारलं होतं," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."

खाजा इतका हसला की सकीनाभाभी बघायला बाहेर आली. मीही हसलो. कोकिळा गेल्यापासून असं हसणं झालं नव्हतं.

मी खाजाशी धूळ धूळ म्हणून भांडत होतो. पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही. वर कुठेतरी काही जिवंत आहे आणि तिथून इथवर येऊ शकतं, एवढं जरी खरं निघालं असतं तरी मला बरं वाटलं असतं. म्हणजे मला दोन्ही हवं होतं. मुलीसाठी ती धूळ हवी होती आणि माझ्यासाठी धूळ नको होती. एकाच पावसाकडून दोन्ही कसं मिळणार?

रविवारी दुपारी ते दोघं आले. दिपमाला वाळली होती. पोट तेवढं दिसत होतं. दारातून आत येताना तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. हितेंद्ररावांनी टॉवेलात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक खिडकीशी ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी दिपमालाला सगळं सांगितलं. खाजा आणि सकीनाभाभी न बोलावताच आले होते.

हितेंद्ररावांनी बिबड्यावरचा लाल ठिपका खरवडून काचेवर घेतला. बराच वेळ पाहिलं. मग आम्हाला पाहू दिलं. मला गोल गोल लालसर दाणे दिसले, बाजरीसारखे.

"अंडी!" खाजा म्हणाला.

"बीजाणू आहेत, चाचा. शेवाळाचे असावेत. झाडांच्या सालींवर असं लाल शेवाळ वाढतं. वाऱ्यानं वर जातं, पावसाबरोबर खाली येतं."

"असावेत म्हणजे?"

"बहुतेक."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नक्की कोणतं ते इथे बसून सांगता येणार नाही. पण हे पृथ्वीवरचंच आहे."

"कशावरून?"

"चाचा, परग्रहावरून आलं असं म्हणायला काहीतरी पुरावा लागतो."

"आणि इथलंच आहे म्हणायला?"

हितेंद्रराव हसले. "तो या काचेवर आहे."

तेवढ्यात सकीनाभाभीनं डब्यातला एक बिबडा गॅसवर भाजून ताटलीत आणून ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, वाद मिटला. तीळ आणि लसणाचा वास घरभर झाला. कोकिळा उन्हाळ्यात दुपारी बिबडा भाजायची तेव्हा हाच वास यायचा. मी ड्युटीवरून आलो की गल्लीच्या तोंडाशीच मला तो कळायचा.

"घ्या जावईबापू," खाजा म्हणाला. "इथलंच आहे ना? मग घ्या."

हितेंद्ररावांनी एक तुकडा मोडून घेतला. तोंडापर्यंत नेला. मग म्हणाले, "तसं नाही चाचा. पावसात आणखी काय काय मिसळलं असेल..." आणि तुकडा ताटलीत परत ठेवला.

खाजानं दुसरा तुकडा उचलला आणि कुडुमकुडुम खाऊन टाकला.

सकीनाभाभीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तुम्हीच म्हणत होता ना, वरचा जीव आहे म्हणून?"

"असंल. पण भाभीच्या हातचं आहे हे. तो एवढ्या लांबून इथं आला, मी समोरच्या दारातून येऊन खाऊ नको?"

"मलाही द्या," दिपमाला म्हणाली. तिनं हात पुढे केला होता. मग माझ्याकडे पाहिलं. "आबा, तुम्ही तर धूळच आहे म्हणता ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हणालो असतो तर तिनं खाल्लं असतं. कदाचित ते पोटात ठरलंही असतं. एवढे दिवस मी धूळ म्हणत होतो ते यासाठीच. पण हितेंद्ररावांनी परत ठेवलेला तुकडा ताटलीत माझ्यासमोर होता.

"मला माहीत नाही, दिपा," मी म्हणालो आणि ताटली उचलली.

"आईचं शेवटचं शे ते."

"हो."

"मंग माले काय ऱ्हायनं?"

आवाज हुबेहूब कोकिळाचा होता. लग्नाआधी दिपमाला आमच्यासारखी बोलायची. धुळ्याला गेली आणि तिच्या तोंडी आईची भाषा आली. मी ताटली फडताळात ठेवली. मग म्हणालो, "ज्वारी आहे घरात."

"तुम्हाला येतं का?"

"अर्धं येतं."

"अर्धं मला येतं," सकीनाभाभी म्हणाली.

त्याच दिवशी ज्वारी भिजत घातली. हितेंद्रराव धुळ्याला परत गेले. ज्वारी आंबेपर्यंत मी आणि सकीनाभाभी रोज भांडलो. ती म्हणायची, कोकिळा ओवा टाकायची नाही. मी म्हणायचो, टाकायची. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही खायला होतात, करायला मी होते." पण शिजताना घोटायला मी होतो. शेवटी शेवटी पीठ इतकं घट्ट होतं की हात दुखतात. तेव्हा कोकिळा मला हाक मारायची आणि लाकडी दांडा माझ्या हातात द्यायची. ते काम मला आठवत होतं.

ज्वारी दळून आणली आणि सकाळी गॅसवर मोठं पातेलं चढवलं. ओव्यावर तडजोड झाली, अर्धा चमचा. शिजलेल्या पिठाला आमच्याकडे घाटा म्हणतात. थापण्याआधी तो वाटीत घालून, वर कच्चं तेल टाकून गरम खायचा. घोटताना गुठळ्या राहिल्या. सकीनाभाभी म्हणाली, "राहू द्या, भाऊ, गुठळीतही ज्वारीच आहे."

दिपमाला भिंतीला टेकून बसली होती. मी वाटी दिली. तिनं एक घास घेतला.

"आईसारखा नाही झाला."

"काय कमी आहे?"

"मीठ."

मी मीठ घातलं. तिनं पुन्हा चव घेतली.

"आता?"

"आता बी नाही." असं म्हणत तिनं वाटी संपवली आणि पुढे केली. मी दुसऱ्यांदा भरली. तीही संपली. मग ती कुशीवर झोपली. मी बराच वेळ दाराशी थांबलो. उठून मोरीकडे धावेल असं वाटत होतं. ती उठली नाही. गाढ झोपली होती.

उरलेला घाटा खाजानं आणि मी गच्चीवर नेला. खाटेवर ओलं कापड पसरलं. आकाशात ढग नव्हता, तरी खाजा मान वर करून बघत होता. मग मीही बघायला लागलो.

सकीनाभाभी जिन्यावरून ओरडली, "वर काय बघताय दोघं? थापा लवकर, गार होतोय."