पुलाचा पडदा

घोडेगावात कुंडलिकचा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या काश्मीरच्या पडद्यापुढे उभं राहून निम्म्या तालुक्याने फोटो काढून घेतले होते. पण २००९ साली मुंबईच्या समुद्रात तारांचा पूल झाला आणि जो तो विचारू लागला, "भाऊ, त्यो टीव्हीवरचा पूल न्हाई का मागं?" मग कुंडलिकने ठरवलं, लग्नसराईच्या आत जाऊन त्या पुलाचा फोटो आणायचा आणि त्याचाच पडदा करायचा.

बायकोला, इंद्रायणीला, त्याने सोबत घेतलं. तिचा धाकटा भाऊ चिमाजी मुंबईत टॅक्सी चालवायचा. त्याने दोघांना पुलावरून नेलं, पण वर गाडी थांबवू देत नाहीत. खिडकीतून काढलेले कुंडलिकचे सगळे फोटो हलले. इंद्रायणी मात्र काचेला नाक लावून तारा बघत राहिली.

मग ते बांद्र्याच्या किल्ल्यावर गेले. उन्हं कलली होती, समोर आख्खा पूल पिवळाधमक झाला होता. इंद्रायणी पदर सावरून कठड्यापाशी जाऊन उभी राहिली.

"अगं, बाजूला हो जरा. रिकामा पूल पायजे. पुढं गिऱ्हाईक उभं राहायचंय."

ती बाजूला सरली. उजेड होता तोवर कुंडलिक फोटो काढत राहिला.

परतताना चिमाजी म्हणाला, "दाजी, आक्काचा फोटू दावा की."

कुंडलिक कॅमेऱ्याची बटणं दाबत मागे मागे गेला. पूल, पूल, नुसता पूल. एका फोटोच्या कोपऱ्यात तिच्या पदराचा काठ तेवढा आला होता.

"राह्यलाच," तो ओशाळून म्हणाला.

"मला कशाला?" इंद्रायणी म्हणाली. "आपल्याला काय फोटूचं नवल हाय व्हय!"

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं स्टुडिओत नवऱ्या मुलींच्या निऱ्या हिनेच नीट केल्या, रडकी पोरं हिनेच हसवली. हिचा एकटीचा फोटो मात्र लग्नानंतर काढलेला त्याला आठवेना.

सकाळी गावाकडची गाडी धरायची होती. कुंडलिक म्हणाला, "चिमाजी, आधी बांद्र्याला घे."

सकाळचं ऊन नेमकं पुलामागून येत होतं, वर धुरकट हवा. एरवी असल्या उजेडात त्याने कॅमेरा पिशवीतून काढलाही नसता. त्याने इंद्रायणीला कठड्यापाशी उभं केलं आणि चिमाजीला खाली बसवून हातात वर्तमानपत्र धरायला लावलं, म्हणजे कागदावरचा उजेड तिच्या तोंडावर पडेल.

"हात कुठं ठिवू?" इंद्रायणीने विचारलं. साऱ्या तालुक्याला उभं कसं राहायचं ते शिकवणारी बाई, तिला स्वतःचे हात सुचेनात.

"ऱ्हाऊ दे तसंच," तो म्हणाला. तशी ती लाजून हसली.

पडदा झाला. डिंभ्यापासून खोडदपर्यंतची जोडपी त्या हंगामात पुलापुढे उभी राहिली. इंद्रायणीचा फोटो त्याने मोठा करून दर्शनी काचेत लावला. मागचा पूल अगदी फिका आला होता.

"वहिनी, ह्यो बी पडद्याम्होरंच काढलाय का?" एखादी विचारायची.

"न्हाई, खऱ्या पुलाम्होरं," इंद्रायणी म्हणायची आणि पुढच्या जोडप्याला आत बोलवायची.