बसता न येणारा शिंपी

दोघे भाऊ शिंपी होते आणि एकाच दुकानात होते. थोरला शिवायचा, धाकटा कापायचा. ज्यांचा या धंद्याशी संबंध विजार आखूड करून घेण्यापुरता, त्यांना वाटतं की मशीनवर बसतो तो खरा शिंपी. साफ चूक. शिलाई चुकली तर उसवता येते, कात्री चुकली की कापड गेलं. म्हणून मान कात्रीचा, आणि ती सहसा थोरल्याकडे असते. इथं थोरल्यानंच ती आपणहून धाकट्याच्या हातात दिली होती. धाकट्याची नजर आपल्याहून पक्की आहे हे त्यानं ओळखलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं, की यापुढं बेतायचं आणि कापायचं काम याचं. त्या दिवशी धाकट्याची मान जी ताठ झाली ती कायमचीच.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना थोरल्याला ते दुखणं जडलं.

आता दुखणी काय थोडी असतात? गुडघा धरतो, दात ठणकतो, पित्त उठतं. माणूस चारचौघांत सांगतो, चारचौघं आपापलं औषध सुचवतात, तेवढाच वेळ बरा जातो. पण हे पडलं अवघड जागेचं. शौचाला बसलं की आत काचेचा तुकडा फिरल्यासारखी कळ यायची, आणि उठल्यावरही आग तासन्‌तास थांबायची नाही. कधीकधी रक्त दिसायचं. थोरल्यानं मनाशीच निदान करून टाकलं की ही मूळव्याध. लांबच्या, ओळख नसलेल्या औषधाच्या दुकानात जाऊन "शेजाऱ्यासाठी हवंय" असं सांगत त्यानं एक मलम आणलं. दुकानदारानं शेजाऱ्याला काय काय होतंय ते विचारलं, तर हा घामाघूम. त्याच्या घराण्यात पोट बिघडलं तरी "जरा बरं नाही" एवढंच म्हणायची पद्धत होती, मग हे कुठून सांगणार?

वर शहाणपण असं, की त्यानं खाणंच कमी केलं. खाल्लंच नाही तर जायला नको! पाणीही बेतानंच प्यायचं. शिंप्यानं कापड बेतावं, पोट बेतायला जाऊ नये. व्हायचं तेच झालं. पोट आणखी कडक झालं आणि रोज सकाळी जुन्या जखमेवर नवी जखम होऊ लागली.

आणि बसणं? शिंप्याला बसल्याशिवाय गत नाही. तो कधी डाव्या कुल्ल्यावर कलायचा, कधी उजव्या, कधी स्टुलाच्या कडेवर नुसता टेकायचा. शेवटी एका सकाळी अगदीच असह्य झालं तेव्हा तो मशीनवरून उठला, कापायच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "काही दिवस मी कापतो. तू मशीनवर बस."

कापायचं काम उभ्यानं असतं. एवढंच कारण. पण ते त्यानं सांगितलं नाही.

धाकट्यानं हातातली कात्री खाली ठेवली, "बरं" म्हणाला आणि मशीनवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी दबकतच त्यानं विचारलं, की माझं काही चुकलं का. थोरला म्हणाला, "नाही रे, असंच." त्या "असंच"नं धाकट्याला पोखरून काढलं. गेल्या काही महिन्यांत कापलेला एकेक कोट, एकेक सदरा तो आठवून बघायला लागला. बगलेत कुठला तंग झाला, खांद्याला कुठला उतरला? काही सापडेना, आणि सापडेना म्हणून भीती जास्त. गिऱ्हाईक आलं की तो मान वर करेनासा झाला. अरे, एका वाक्याचं काम होतं! पण ते वाक्य ज्या जागेबद्दल होतं, तिचं नाव थोरल्याच्या जिभेवर उभ्या जन्मात आलं नव्हतं.

थोरल्याच्या बायकोला मात्र पत्ता लागला. कपडे भिजवायचं मोठं घमेलं जागेवर दिसेना, आणि नवरा न्हाणीघरातून बाहेर येईना. हा आत घमेल्यात कोमट पाणी भरून बसलेला, कारण शेक लागला की घटकाभर बरं वाटतं हे त्याला आपोआपच कळलं होतं. तिनं दाराबाहेर उभं राहून एकेक करत सगळं वदवून घेतलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. रक्त म्हटल्यावर तिनं पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही, त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर निघाली बाई, आणि तीही तरुण. थोरल्यानं नर्सला हळूच विचारलं, पुरुष डॉक्टर नाहीत का? नाहीत, म्हणाली ती. बायकोनं डोळे वटारले. मग काय, कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि भिंतीकडे बघत राहायचं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. डॉक्टरीण मात्र, कुणी बोटाला लागलेलं बघावं तशी, नुसती बघून बाजूला झाली. आत बोट घालून तपासत नाही, म्हणाली, तुम्हाला सोसायचं नाही. दुखणं कमी झालं की रक्तासाठी एकदा नीट तपासू. ही मूळव्याध नाही. ही चीर आहे, आणि अंगावर काढल्यामुळं जुनी झालेली आहे.

मग तिनं समजावून सांगितलं. चीर पडली की दुखतं, दुखलं की तिथला स्नायू आवळून धरतो, आवळला की रक्त पोचत नाही आणि रक्त पोचलं नाही की जखम भरत नाही. थोरल्याला हे झटकन पटलं. तंग विजारीची शिवण पुन्हा पुन्हा तिथंच उसवते, म्हणाला, नुसती शिवून भागत नाही, कापड सैल सोडावं लागतं. डॉक्टरीण म्हणाली, अगदी तसंच. पोटभर खा, भाज्या-फळं खा, इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या, पोट मऊ राहायचं औषध देते. शौचानंतर कोमट पाण्यात बसत जा. वर एक मलम, स्नायू सैल करणारं, मटाराच्या दाण्याएवढं, जास्त नाही. काही आठवडे नेटानं लावायचं. नाहीच गुण आला तर स्नायूला एक इंजेक्शन देता येतं, त्यानं तो काही महिने ढिला राहतो. त्यानंही नाही भागलं तर छोटं ऑपरेशन, स्नायूला जरासा छेद. त्यानं बहुतेक लोक बरे होतात, पण थोड्यांचा वायूवरचा ताबा कमी होतो, हे आधीच सांगून ठेवते.

हे शेवटचं ऐकून थोरल्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: आपण वाकून गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेतोय, आणि... त्यानं तिथल्या तिथं मलम पसंत केलं.

मलमानं डोकं दुखेल, दुखलं तर सांगा, दुसरं मलम आहे, असंही डॉक्टरीण म्हणाली होती. दुखलंच. दुखेल नाहीतर काय? टेप लावल्याशिवाय बोटभर कापड न कापणाऱ्या या माणसानं मलम अंदाजानं लावलं, आणि अंदाज कसा, तर भरपूर लावलं की लवकर बरं. लावलं की डोक्यात घण पडायचे. पण सांगायला जायचं म्हणजे पुन्हा त्या बाईसमोर जायचं. नकोच ते. बायको म्हणाली, निदान धाकट्या भावोजींना तरी सांगा, ते सुकत चाललेत. त्यानं तिच्याकडून शपथ घेतली, की तू एक अक्षर बोलायचं नाहीस.

अशात बँडमास्तरांची मखमल आली. गावात त्यांचा बँड नावाजलेला होता, मोठा कार्यक्रम होता, आणि त्यासाठी दाट जांभळ्या मखमलीचं जाकीट हवं होतं. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेला लव ठेवून कापायचे, नाहीतर उजेडात एक बाजू काळी दिसते आणि एक पांढुरकी. हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. थोरल्यानं त्या दुपारी घण सोसत सोसत पुढचा उजवा भाग उलटा कापला.

धाकट्याला तो तुकडा हातात घेताच कळलं. तो घेऊन टेबलापाशी आलाही. थोरला कपाळ दाबून उभा होता. "दादा, हे जरा..." एवढंच तो म्हणाला, आणि थोरला खेकसला, "दिलंय तसं शिव!" धाकट्यानं दिलं होतं तसं शिवलं.

बँडमास्तर जाकीट घालून आरशापुढं गेले, मग उजेडात दारापाशी गेले. त्यांचा चेहरा लाल झाला. धाकटा कापतो हे सगळ्या गावाला माहीत, म्हणून ते त्याच्याकडेच वळले. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत ते म्हणाले, "कात्री धरायची लायकी नाही तुझी."

धाकट्यानं भावाकडे पाहिलं.

मी कापलं, एवढे दोन शब्द पुरले असते. ते थोरल्याच्या ओठांवर आलेही. पण पुढचा प्रश्न आला असता, की तुम्ही का कापलं. आणि त्याचं उत्तर सरळ त्या जागेपाशी जात होतं, चार गिऱ्हाइकांसमोर. तो हातातल्या खडूकडे बघत राहिला.

"माझ्याच हातून झालं," धाकटा म्हणाला. "दुसरं शिवून देतो."

बँडमास्तर जाकीट फेकून निघून गेले. त्या दिवशी थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण झालं म्हणून तोंड उघडलं असं नाही. घरी जाऊन तो घेरी येऊन पडता पडता वाचला, तेव्हा बायकोनं त्याला पुन्हा डॉक्टरणीपुढं उभं केलं. तिनं मलम किती लावता ते विचारलं, ऐकून चांगलं झापलं आणि दुसरं लिहून दिलं. डोकेदुखी थांबली. खाणं-पिणं ताळ्यावर आलं. काही आठवड्यांनी कळ ओसरायला लागली, आणि एका सकाळी त्याच्या लक्षात आलं की आज आपण भ्यालोच नाही.

त्याच दिवशी धाकटा त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. कपड्यांच्या कारखान्यात बोलावलंय, म्हणाला, नव्या महिन्यापासून जाईन म्हणतो. आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरल्यानं भांडून तरी घेतलं असतं. लहानपणापासून ज्याला बोट धरून चालवलं तो पोरगा परक्यासारखी रजा मागत होता, आणि तो गेला तर या दुकानात आपण नुसती मशीन चालवत मरणार, हे थोरल्याला लख्ख दिसलं. तेव्हा कुठं ते बाहेर पडलं. खाली मान घालून, अडखळत त्यानं सगळं सांगितलं: चीर, रक्त, घमेलं, डॉक्टरीण, मलम. बसवत नव्हतं म्हणून कात्री घेतली, तुझं काहीच चुकलं नव्हतं.

धाकट्यानं हातातली टेप गुंडाळून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "मला वाटलं तुझा माझ्यावरचा विश्वास उडाला."

"नाही रे."

"दुखणं लपवलंस, ते समजलं, दादा. पण मखमल तुझ्या हातची होती हे सांगायला तुला कुठं काय दुखत होतं?"

थोरल्यानं चपला घातल्या आणि तो बाहेर पडला.

बँडचा सराव चालू होता. तो दारात उभा राहिला तेव्हा वाजवणारे एकेक करत थांबले. मास्तरांना बाजूला बोलवावं असं त्याला फार वाटलं. पण धाकट्याचा अपमान काही बाजूला नेऊन झाला नव्हता. तो तिथूनच म्हणाला, की ते जाकीट मी कापलं होतं, भावानं नाही. मास्तरांनी विचारलंच, तुम्ही कसं काय? थोरल्याचे कान तापले, पण त्यानं सांगितलं, कुठं चीर पडली होती तेही सांगितलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मग मी त्याला जे बोललो ते?"

"ते मी गप्प बसलो म्हणून," थोरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर नवी मखमल घेऊन दुकानात आले. सगळ्यांसमोर धाकट्याला म्हणाले, मी चुकलो, हे जाकीट तूच काप. धाकटा लाजून "असू द्या, असू द्या" म्हणाला. मास्तर गेल्यावर त्यानं कारखान्याला येत नाही म्हणून कळवूनही टाकलं. थोरल्याला वाटलं, सुटलो. तो मशीनवर जाऊन बसला, कितीतरी दिवसांनी नीट, दोन्ही कुल्ल्यांवर, आणि दुखलं नाही.

धाकट्यानं मखमल टेबलावर पसरली. लवेवरून हात फिरवला, खडूनं खुणा केल्या, पुन्हा हात फिरवला. टेप लावली, काढली, पुन्हा लावली. कात्री उचलली आणि कापडाच्या कडेशी नेऊन थांबला.

"दादा," तो म्हणाला, "एकदा येऊन बघतोस का? बरोबर आहे ना?"

कापायचं काम त्याच्याकडे आल्यापासून त्यानं असं कधीच विचारलं नव्हतं. बसल्या जागेवरूनही थोरल्याला दिसत होतं की सगळं चोख आहे.

"तुझं बरोबरच असतं," तो म्हणाला. "काप तू."

"नाही, पण एकदा बघ."

थोरला उठला, टेबलापाशी गेला आणि त्यानं लवेवरून हात फिरवला. बरोबर आहे, म्हणाला. धाकट्यानं मान हलवली, कात्री उघडली, आणि भावाकडे पुन्हा एकदा पाहिलं.